दहा मतांचा शेअर

२०१५ साल असावे. पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर एक नवा शब्द ऐकू येऊ लागला. ‘बम्बार्डियर आली.’ डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेले, मोटारी आणि विजेची यंत्रणा कॅनडाच्या बम्बार्डियर कंपनीची. आवाज कमी, हवा जरा बरी खेळती. डब्यात माझ्यासमोर बसणारे एक गृहस्थ तो शब्द दर वेळी वेगळ्या तऱ्हेने मोडून म्हणत आणि मोडताना समाधानाने हसत. मला बराच काळ वाटत असे की बॉम्ब टाकणाऱ्या विमानावरून हे नाव आले असावे. ते एका माणसाचे आडनाव आहे, त्याच्या मुलखात त्याचा उच्चार ‘बोंबार्दिए’ असा करतात, आणि त्या आडनावामागे एक मेलेले मूल आहे, हे फार उशिरा कळले.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात वालकूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या तरुणाचे गॅरेज होते. त्या काळी हिवाळ्यात तिथले रस्ते कोणी साफ करत नसे. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी कोठारात जात आणि माणसे घोड्याच्या घसरगाडीवर येत. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा ईव्हाँ आजारी पडला. पोटातले दुखणे होते, शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय शेरब्रुक शहरात, पन्नासेक किलोमीटरवर. बर्फावरून धावेल अशा गाडीचे प्रयोग हा बाप वर्षानुवर्षे करत होता, पण त्या रात्री गाडी गॅरेजमध्ये सुट्या भागांत पडलेली होती. मूल गेले. तीन वर्षांनी, १९३७ साली, त्याने बर्फावरून चालणाऱ्या पट्ट्याच्या आणि दातेरी चाकाच्या यंत्रणेचे पेटंट मिळवले. सात माणसांची ‘बी-७’ गाडी बाजारात आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले तिच्यातून जाऊ लागली. १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली.

मालकीचा प्रश्न चर्चेला निघाला की मला हे गॅरेज आठवते. तत्त्वज्ञ म्हणतात, माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो म्हणून ती वस्तू त्याची होते. इथे तर श्रमांच्या आधी दुःख मिसळलेले आहे. हे यंत्र बोंबार्दिएचे नव्हे असे कोण म्हणेल? प्रश्न पुढे सुरू होतो. त्या गॅरेजच्या दाराशी उभे राहून तो कळणार नाही.

१९४८ साली क्यूबेकमध्ये हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याचा कायदा झाला आणि या गाड्यांची मागणी झपाट्याने उतरली. (सरकार एका कलमाने एखाद्याचा धंदा कसा बुडवू शकते याचे हे चांगले उदाहरण, पुढे सरकारांनी याच कंपनीला किती वेळा वर काढले त्याच्या शेजारी ते ठेवून पाहावे.) तो खचला नाही. दलदलीत, जंगलात चालणारी यंत्रे त्याने काढली आणि १९५९ साली एक-दोघांनी बसायची छोटी ‘स्की-डू’ आणली. १९६४ मध्ये कर्करोगाने तो गेला. थोरल्या मुलाने दोन वर्षे कारभार पाहून सोडला. १९६६ मध्ये जावई लोराँ बोदोआँ अध्यक्ष झाला. तिशीही न गाठलेला हिशेबनीस. १९६९ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

या जावयाने जे केले ते खरोखर दांडगे होते. १९७३च्या तेलसंकटाने बर्फगाड्यांचा बाजार बसला, तेव्हा त्याने १९७४ मध्ये माँट्रियलच्या मेट्रोचे ४२३ डबे बांधण्याचे काम मिळवले. कंपनीने तोवर मेट्रोचा एकही डबा बांधलेला नव्हता. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे ८२५ डबे. १९८६ मध्ये सरकारी मालकीची विमान कंपनी ‘कॅनाडेअर’ सुमारे १२ कोटी कॅनेडियन डॉलरना घेतली. तिच्या डोक्यावरचे प्रचंड कर्ज सरकारने आधीच आपल्या अंगावर घेतले होते. मग १९८९ मध्ये बेलफास्टची ‘शॉर्ट ब्रदर्स’, १९९० मध्ये ‘लिअरजेट’, १९९२ मध्ये ‘द हॅविलंड’. २००१ मध्ये ‘अ‍ॅडट्रान्झ’ ही मोठी रेल्वे कंपनी घेतली आणि वालकूरचे गॅरेज रेल्वेगाड्या बांधणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या रांगेत जाऊन बसले. आपल्या शेजारच्या बडोद्याजवळ सावली इथे त्यांचा कारखाना उभा राहिला, दिल्ली मेट्रोचे डबे तिथून निघाले.

ही नुसती धंद्याची वाढ नव्हती. क्यूबेकमध्ये फ्रेंच बोलणारे बहुसंख्य असले तरी १९६०च्या दशकापर्यंत बँका, कारखाने, मोठ्या कचेऱ्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात होत्या. फ्रेंच माणूस शेतकरी, मजूर, पाद्री. फार तर वकील. अशा समाजातून एक आडनाव उठते आणि न्यूयॉर्कच्या भुयारातून, युरोपच्या आकाशातून धावू लागते, तेव्हा ते आडनाव एका कुटुंबाचे राहत नाही. आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. आपल्यातला एखादा मोठा झाला की त्याच्या यशाची मिठाई आपण घरोघरी वाटतो आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या मात्र मागत नाही. मागणारा निघाला तर त्याला आपणच गप्प करतो. बाहेरचे हसतील ना!

आता ज्या शेअरचे नाव मी वर दिले आहे त्याकडे येतो. बम्बार्डियरचे शेअर दोन जातींचे होते. ‘ब’ वर्गाच्या शेअरला एक मत, ‘अ’ वर्गाच्या शेअरला दहा मते. सर्वसामान्य लोकांकडे, पेन्शन निधींकडे बहुतेक ‘ब’. कुटुंबाकडे ‘अ’. परिणाम असा की २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबाचा भांडवलातला वाटा साधारण एक-अष्टमांश होता आणि मते निम्म्याहून अधिक. पैसे रुपयातले दोन आणे, शब्द मात्र शेवटचा.

ही व्यवस्था लबाडी होती असे मी म्हणणार नाही. ती उघड होती, कागदावर होती, शेअर घेणाऱ्याला आधी माहीत होती. तिच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. विमान बांधायला दहा वर्षे लागतात आणि बाजाराची स्मरणशक्ती तीन महिन्यांची असते. ज्याचे नाव दारावर आहे तो उद्या शेअर विकून निघून जाणार नाही, त्यामुळे तो लांबचे पाहील. परका श्रीमंत येऊन कंपनी विकत घेऊन तुकडे करून विकणार नाही, कारखाने प्रांतात राहतील. क्यूबेकच्या लोकांना या युक्तिवादात आपले हित दिसत होते. मलाही त्यात तथ्य दिसते.

२००८ साली लोराँ बोदोआँचा मुलगा पिएर प्रमुख झाला आणि त्याच वर्षी ‘सी-सीरीज’ या विमानाची घोषणा झाली. शंभर ते दीडशे आसनांचे, नव्या इंजिनाचे, कमी इंधन पिणारे विमान. म्हणजे सरळ बोइंग आणि एअरबस यांच्या अंगणात पाऊल. अंदाज ३.४ अब्ज डॉलरचा होता. खर्च ५ अब्जांच्याही पुढे गेला. त्याच वेळी ‘ग्लोबल ७०००’ आणि ‘लिअरजेट ८५’ ही आणखी दोन खासगी विमाने विकसित होत होती. तीन गर्भारपणे एका घरात, आणि कमावणारा एक. सी-सीरीज पहिल्यांदा उडाले ते सप्टेंबर २०१३ मध्ये, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. लिअरजेट ८५ वर मोठा खर्च करून २०१५ मध्ये ते सोडून द्यावे लागले. तिकडे रेल्वेच्या बाजूला टोरंटो शहराने २००९ मध्ये मागवलेल्या २०४ ट्रामगाड्या इतक्या रेंगाळत आल्या की तिथल्या लोकांनी बम्बार्डियर हे नाव विनोदासाठी वापरायला सुरुवात केली. शेवटची ट्राम २०२०च्या सुरुवातीला पोहोचली. २०१५ या एका वर्षात कंपनीचा तोटा ५ अब्ज डॉलरच्या वर होता.

तेव्हा क्यूबेक सरकार पुढे आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने १ अब्ज अमेरिकी डॉलर दिले. ते कंपनीत गेले नाहीत, सी-सीरीज प्रकल्पाच्या वेगळ्या भागीदारीत गेले, ४९.५ टक्के हिश्शासाठी. पुढच्या महिन्यात क्यूबेकच्या लोकांचे पेन्शनचे पैसे सांभाळणाऱ्या ‘केस द देपो’ या संस्थेने रेल्वे विभागातला ३० टक्के वाटा १.५ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने ३७.२५ कोटी कॅनेडियन डॉलरचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले. बिनव्याजी हा शब्द ऐकला की आपल्यासारख्यांचे कान टवकारतात. कर्जे-हसना आपल्याला ठाऊक आहे. पण ते अडलेल्याला देतात, आणि घेणाऱ्याची मान थोडी खाली असते.

इथे मान खाली नव्हती. नीट पाहा, हे सगळे पैसे कुठे गेले. एक रक्कम विमानाच्या भागीदारीत, एक रेल्वेच्या उपकंपनीत, एक कर्ज म्हणून. ज्या ठिकाणी दहा मतांचे शेअर होते त्या ठिकाणी एकही पैसा असा गेला नाही की ज्यामुळे कुटुंबाचे एक मत कमी व्हावे. केंद्र सरकारला ही मतांची रचना बदलून हवी आहे आणि कुटुंब तयार नाही, अशा बातम्या तेव्हा वृत्तपत्रांतून येत होत्या. रचना बदलली नाही. पैसे गेले.

आणि मग मार्च २०१७ आला. कंपनीने २०१६ मध्ये दोनदा मिळून १४ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षासाठी सर्वांत वरच्या सहा अधिकाऱ्यांचा एकत्रित मोबदला जवळजवळ निम्म्याने वाढून ३ कोटी २६ लाख डॉलर झाल्याचे बाहेर आले. माँट्रियलमध्ये कंपनीच्या मुख्यालयाबाहेर लोक जमले. त्यात टोरंटोहून आलेले इंग्रज टीकाकार नव्हते. ज्यांनी या नावाची मिठाई वाटली होती तेच लोक होते. पिएर बोदोआँने आपली वाढ सोडली, इतरांचा अर्धा मोबदला पुढे ढकलला. मे महिन्यातल्या सभेत क्यूबेकच्या पेन्शन निधीसह काही मोठ्या पेन्शन संस्थांनी पिएरच्या निवडीला विरोध केला. तो निवडून आला. दहा मतांचा शेअर याच दिवसासाठी असतो.

या ठिकाणी कुटुंबाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते करायचे नाही, कारण ते पूर्ण खरे नाही. त्याच २०१७ मध्ये बोइंगने अमेरिकेत तक्रार केली की हे विमान सरकारी मदतीवर स्वस्त विकले जात आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने त्यावर जवळपास ३०० टक्के कर सुचवला. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी तो फेटाळला. पण तोवर बम्बार्डियरचे कंबरडे मोडले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिने सी-सीरीजचा निम्म्याहून किंचित अधिक वाटा एअरबसला देऊ केला, रोख एक पैसा न घेता. १ जुलै २०१८ पासून विमान एअरबसकडे गेले आणि त्याचे नाव ‘ए २२०’ झाले. एअरबसच्या मागे युरोपची सरकारे आहेत, बोइंगला अमेरिकी लष्कराची कामे आहेत, ब्राझीलची ‘एम्ब्राएर’ सरकारनेच जन्माला घातली. आकाशात कोणीही केवळ आपल्या पैशाने उडत नाही. आणि विमान चांगले होते! आज ते अनेक देशांत उडते, प्रवाशांना आवडते. म्हणजे घराण्याची नजर चुकलेली नव्हती. खिसा चुकला होता.

मग नैतिक प्रश्न नेमका कोणता? तोटा झाला हा नव्हे. तोटा पापाचा पुरावा नसतो. सरकारने मदत केली हाही नव्हे. माझ्या मते प्रश्न असा आहे: एखाद्याने उभी केलेली वस्तू इतरांच्या पैशावर जिवंत राहू लागली, तर तिच्यावरचा त्याचा शब्द तेवढाच राहावा का?

आपल्या घरांत एक रीत आहे. जनाज्याची नमाज उभी राहण्याआधी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन म्हणतो, मय्यतचे कोणाचे काही देणे असेल तर मला सांगा, मी देईन. आणि वारसांच्या वाटण्या होतात त्या कर्ज फिटल्यावर. वारसा म्हणजे आधी देणे, नंतर घेणे. माझे वडील गेले तेव्हा मी ती वाक्ये म्हटली होती, आणि म्हणताना पहिल्यांदा कळले की मी कोणाचा तरी वारस आहे. कंपनीच्या कायद्यात ही रीत बसत नाही हे मला कळते. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. तिचे कर्ज भागधारकाच्या गळ्यात पडत नाही. ही सोय नसती तर वालकूरचे गॅरेज गॅरेजच राहिले असते. कर्ज देणाऱ्या बँकांनीही सगळे डोळे उघडे ठेवून व्याजाने दिले. २०१९ अखेर ९ अब्ज डॉलरवर गेलेले ते कर्ज बोदोआँ कुटुंबाने घरचे दागिने विकून फेडावे असे मी म्हणत नाही.

पण मर्यादित जबाबदारी आणि अमर्याद अधिकार ही दोन्ही एकाच हातात कशी? तोटा झाला तर माझा फक्त एक-अष्टमांश, आणि निर्णय मात्र सगळा माझा. असा सौदा दोन भाऊ दुकानात करणार नाहीत. मुदारबाची जुनी रीत आठवते, ज्यात एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. तोटा आला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो, मेहनतवाल्याची मेहनत. प्रत्येकाचे काहीतरी जाते. इथे कामगाराची नोकरी गेली, प्रजेचा पैसा अडकला, ‘ब’ शेअरवाल्याची किंमत गेली. २००० साली वीस डॉलरच्या वर असलेला शेअर मार्च २०२० मध्ये एका डॉलरच्याही खाली आला. कुटुंबाचाही पैसा बुडाला, तो मी नाकारत नाही. मत तेवढे बुडाले नाही.

संस्थापकाच्या हक्काचे काय? बापाचे दुःख मुलाला वारशाने मिळते का? थोडे मिळते. दुःखावर उभे राहिलेले नाव मात्र पूर्ण मिळते आणि ते तारण ठेवता येते. बम्बार्डियरने वर्षानुवर्षे तेच तारण ठेवले. आणि तारण घेणाऱ्यांनी ते तपासले नाही. माझा जास्त राग, खरे सांगायचे तर, मंत्र्यांवर आहे. मालक आपला अधिकार सोडायला नाही म्हणतो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. लोकांचा पैसा ज्याच्याकडे अमानत आहे त्याने तो देताना ‘मग एक मत सोडा’ असे म्हणू नये, याला काय म्हणायचे? ते म्हणू शकले नाहीत, कारण समोर कंपनी बसलेली नव्हती, प्रांताचा अभिमान बसलेला होता.

आमच्या तालुक्यात एक पतसंस्था होती. नाव सांगत नाही. चालवणारे आपलेच, भले लोक, तीन पिढ्यांची इज्जत. वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले तिथे ठेवले होते. सर्वसाधारण सभेत कोणी ताळेबंदावर प्रश्न विचारला की मागून आवाज येई, ‘अरे, आपल्या घरचं आहे.’ वडील स्वतःही एकदा तसे म्हणाले होते. पैसे परत मिळाले, सहा वर्षांनी, तुकड्या-तुकड्यांनी. लग्न त्याआधी उसनवारीवर झाले. संस्थेच्या मालकांना मी अजून सलाम करतो. ते चोर नव्हते. आम्ही विचारले असते तर कदाचित त्यांनाही वेळेवर कळले असते की आपण बुडत आहोत. प्रश्न न विचारणे हा आम्ही आदर समजत होतो.

पुढचे थोडक्यात. बम्बार्डियरने एकेक खोली विकली. २०१९ मध्ये पंख्याच्या विमानांचा कारखाना, जून २०२० मध्ये ‘सीआरजे’ विमाने जपानच्या मित्सुबिशीला, ऑक्टोबर २०२० मध्ये बेलफास्टचा कारखाना अमेरिकेच्या ‘स्पिरिट’ला. ए २२० मधून ती फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण बाहेर पडली. क्यूबेक सरकार २५ टक्क्यांवर तिथेच राहिले आणि आपल्या गुंतवणुकीची बरीच किंमत त्याला हिशेबातून पुसावी लागली. २९ जानेवारी २०२१ रोजी सगळा रेल्वे विभाग फ्रान्सच्या ‘अल्स्टॉम’कडे गेला, त्याबरोबर सावलीचा कारखानाही. परका येऊन तुकडे करील या भीतीने जी व्यवस्था राखली होती, तिच्याच देखरेखीखाली तुकडे झाले. बम्बार्डियर उरली ती श्रीमंतांची खासगी विमाने बांधण्यापुरती. त्यानंतर तिने कर्ज बरेच उतरवले, धंदा सावरला. २०२२ मध्ये पंचवीस शेअरांचा एक शेअर केला. मतांचे प्रमाण तेच, दहास एक.

वालकूरला संस्थापकाच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याचे ते मूळ गॅरेज तिथे जपून ठेवले आहे. लोक मुले घेऊन बघायला जातात.